विश्लेषण : मोटारीत ‘रिमोट स्टार्टर’ स्वतः बसवणे कितपत सुरक्षित?

मे महिन्यात उघड्यावर उभी केलेली मोटार दुपारपर्यंत भट्टीसारखी तापते. घरातूनच बटण दाबावे, इंजिन आणि एसी सुरू व्हावा आणि जिने उतरेपर्यंत गाडी गार व्हावी, ही कल्पना म्हणूनच मोहात पाडते. ‘रिमोट स्टार्टर’चे किट ऑनलाइन मिळते आणि ते घरच्या घरी बसवण्याच्या चित्रफितीही पाहायला मिळतात. मात्र विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यासारख्या दाट वस्तीत ज्यांना इमारतीत जागा मिळत नाही, त्यांची गाडी रस्त्याच्या कडेलाच उभी राहते. अशा ठिकाणी हा प्रयोग गाडीमालकापेक्षा रस्त्यावरच्या माणसाला महागात पडू शकतो.

हे उपकरण नेमके काय करते?

चावी फिरवताना जे टप्प्याटप्प्याने घडते, तेच हे किट रिलेच्या साह्याने घडवते. आधी इग्निशनला वीज मिळते, मग काही क्षण स्टार्टर मोटार फिरते. त्यासाठी स्टिअरिंगखालच्या जाड वायरींना जोड द्यावे लागतात. शिवाय दोन सुरक्षा जोडण्या आवश्यक असतात. बॉनेट उघडे असताना इंजिन सुरू होऊ नये यासाठी बॉनेटचा स्विच, तर चावीविना कोणी ब्रेक दाबल्यास इंजिन बंद पडावे यासाठी ब्रेकची वायर. या दोन्ही नसल्या तरी इंजिन सुरू होते, म्हणून घरगुती कामात नेमक्या त्याच राहून जाण्याची भीती असते. सैल जोड, बारीक वायर किंवा फ्यूजचा अभाव यातून आगीचा धोका उद्भवतो तो वेगळाच.

गिअरमधली गाडी धोक्याची का?

हे उपकरण रुळले ते उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत. तिथल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक. गिअर ‘पार्क’मध्ये असला की त्या जागच्या हलत नाहीत. आपल्याकडे मात्र हाताने गिअर बदलायच्या गाड्या मोठ्या संख्येने आहेत आणि उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून उतरण्याची सवय चांगली मानली जाते. अशा गाडीचा स्टार्टर फिरला की गाडी थेट पुढे उडी घेते. हँडब्रेक कच्चा असेल आणि इंजिनाने पकड घेतली, तर ती चालतच राहू शकते. क्लच दाबल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा स्विच अनेक नव्या गाड्यांत असतो. पण रिमोट चालावा म्हणून तोच निकामी केला जातो. अशा वेळी समोर भाजीवाली बसलेली असेल, मूल खेळत असेल, तर चौथ्या मजल्यावरून बटण दाबणाऱ्याला ते दिसणारही नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १२६ इथे महत्त्वाचे आहे. सार्वजनिक ठिकाणी उभ्या गाडीत चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती असावी. नसल्यास इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असावा किंवा गाडी अपघाताने हलणार नाही अशी तजवीज असावी, असा त्याचा आशय आहे. रिकाम्या गाडीचे इंजिन रस्त्यावर सुरू करणे या तरतुदीच्या हेतूशीच विसंगत ठरते. कारखान्यातूनच ही सोय घेऊन आलेल्या गाडीचा मालक किमान कंपनीने केलेल्या तजविजीकडे बोट दाखवू शकतो. घरी जोडलेल्या किटच्या मालकाकडे तेही नसते.

चोरी आणि विम्याचे काय?

आजच्या बहुतेक मोटारींत इमोबिलायझर असतो. चावीतील चिप ओळखल्याशिवाय तो इंजिन चालू देत नाही. रिमोट स्टार्टरसाठी त्याला चकवावे लागते. त्याचा एक प्रचलित मार्ग म्हणजे जादा चावी गाडीतच दडवून ठेवणे. म्हणजे कुलूप लावायचे आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवायची! गाडीच्या सुरक्षिततेसाठी वाजवी काळजी घेण्याची अट विमा पॉलिसीत असते. त्यामुळे चोरी किंवा आगीनंतर दाव्यावर वाद होऊ शकतो. वायरिंगला हात लावल्याने कंपनीच्या वॉरंटीवरही पाणी सोडावे लागू शकते.

पावसाळ्यात धोका वाढतो का?

वसई-विरारला पाणी तुंबणे नवे नाही. जुलै २०१८ मध्ये तर या पट्ट्यातील रेल्वेसेवाही ठप्प झाली होती. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करू नये, हा पहिला नियम. हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकून इंजिन कामातून जाते. गाडीपाशी गेलेला माणूस पाण्याची खूण पाहून थांबेल, रिमोट थांबणार नाही. बंदिस्त पार्किंगमध्ये रिकामे चालणारे इंजिन कार्बन मोनॉक्साइड साचवते. या वायूला वास नसतो आणि तो जीवघेणा असतो.

मग पर्याय काय?

ज्यासाठी हा खटाटोप, तो गारवा सोप्या उपायांनी मिळतो. काचेवर सनशेड लावावी, निघताना चारही दारे मिनिटभर उघडावीत, काचा खाली ठेवून गाडी चालवायला लागावे आणि गरम हवा बाहेर गेली की त्या बंद कराव्यात. उभ्या गाडीत इंजिन मंद फिरते, त्यामुळे एसीचा कॉम्प्रेसरही मंदच चालतो. चालत्या गाडीत तो अधिक जोमाने काम करतो. ज्यांना ही सोय हवीच, त्यांनी नवी गाडी घेताना ती कंपनीकडूनच घ्यावी. किया सोनेटसारख्या गाड्यांच्या काही व्हेरिएंटमध्ये ती मिळते.

असे किट विकणाऱ्यांनीही ‘हाताच्या गिअरच्या गाडीसाठी नाही’ हा इशारा मराठीत, ठळक छापला पाहिजे. परिवहन विभागाने या उपकरणांबाबत स्पष्ट सूचना काढायला हवी. आपली गाडी आपल्या मालकीची असली, तरी ती जिथे उभी राहते तो रस्ता सर्वांचा आहे. तिथे इंजिन सुरू करणारा हात गाडीतच असावा, ही अपेक्षा जुनाट नाही, रास्तच आहे.