बोन नव्हे, मूल!

आमच्या ऑफिसच्या ग्रुपचा सॉलिड प्लॅन ठरला होता. जूनमध्ये फ्रान्स! बर्गंडीत बोन नावाचं टुमदार गाव आहे. तिथून सांतनेपर्यंत द्राक्षमळ्यांच्या मधून वीसेक किलोमीटरची खास सायकलवाट जाते. वाटेत पोमार, मर्सो अशी एकाहून एक गावं. पॅडल मारायचं, थांबायचं, एक घोट चाखायचा, ‘अहाहा’ म्हणायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. लाइफ असावं तर असं, नाही का?

मग खर्चाचा आकडा आला आणि मला माझा होम लोनचा ईएमआय आठवला.

‘तुम्ही जा बोनला, मी मूलला जाते,’ असं मी चिडून म्हटलं. सगळे हसले. पण रात्री झोप येईना, आणि वाटलं, खरंच की! मी मूळची चंद्रपूरची. फ्रेंचांकडे द्राक्षं असतील तर आमच्याकडे मोह आहे. मार्च संपता संपता चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोहाच्या फुलांचा अक्षरशः सडा पडतो. आपली स्वतःची ‘वाइन कंट्री’! ग्रुपने लगेच ऑर्डर सोडली, ‘येताना एक बाटली आण हां, एकदम ऑथेंटिक.’ मीही ‘डन’ म्हणून टाकलं.

तर मंडळी, तीन दिवसांचा हा रूट. पहिला दिवस चंद्रपूर ते मूल, साधारण पंचेचाळीस किलोमीटर. सोबतीला मामेभाऊ आणि त्याची दुसरी सायकल. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या पाठीमागे राहिल्या की लोहाऱ्याचं जंगल सुरू होतं. पहाटेच्या गार हवेत निघायचा माझा पुणेरी बेत मामेभावाने तिथल्या तिथे उडवून लावला. ‘वाघ पण गार हवेतच फिरते, ताई.’ जोक नव्हता तो. मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या या भागात दरवर्षी येतात. म्हणून चांगलं उजाडल्यावर निघालो आणि दहाच्या आत जंगल पार केलं. त्यानंतर ऊन जे काही तापतं, त्याला ‘समर’ हा शब्द अगदीच गुळमुळीत आहे.

मोहाचं झाड मी लहानपणापासून बघत आलेय, पण सायकलवरून त्याचा वास आधी येतो आणि झाड मागाहून दिसतं. गोड, थोडासा आंबूस, जड वास. फुलं क्रीम रंगाची, गरदार, मण्यांसारखी. ती रात्री उमलतात आणि पहाटेपासून टपटप गळायला लागतात. तोडायची नसतात, वेचायची असतात. बाया आणि पोरं अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. अस्वलालाही ही फुलं फार आवडतात, त्यामुळे झाडाखाली पहिलं कोण पोचतं याला महत्त्व आहे. फुलं खाली नीट दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि त्यातून वणवे लागतात. वेचलेली फुलं उन्हात वाळवली की मनुक्यासारखी होतात आणि वर्षभर टिकतात. पुढे फळं धरतात, त्यांच्या बियांचं तेल निघतं. एकाच झाडाकडून खाणं, तेल आणि हातात चार पैसे. आणि हो, दारूसुद्धा.

टेक्निकली बोलायचं तर ती वाइन नाहीच. द्राक्षाचा रस आंबवला की वाइन. मोहाची फुलं पाण्यात भिजवून आंबवतात, मग मडक्यात उकळतात, वाफ थंड करतात आणि थेंब थेंब गोळा करतात. गोंड, माडिया समाजात जन्म, लग्न, मरण आणि देवकार्य यांत मोहाला मान आहे. इंग्रजांना मात्र या फुलांचंच वावडं. मुंबई इलाख्यात 1892 साली त्यांनी मोहफुलांवर खास कायदा केला आणि ठाणे-कुलाब्यात घरी फुलं साठवणंसुद्धा गुन्हा ठरलं. बर्गंडीच्या शेतकऱ्याला कुणी ‘घरात द्राक्षं ठेवू नकोस’ म्हणून दाखवावं!

ही सगळी माहिती मी संध्याकाळी मूलला मामीसमोर मोठ्या उत्साहात ऐकवली. तिने भाकरी थापता थापता विचारलं, ‘मंग आता गडचिरोलीले कायले चालली?’

‘मोहाची बाटली शोधायला,’ मी हसत म्हटलं.

मामी हसली नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि उलथनं हातात घेऊन तशीच बसून राहिली. मामेभाऊ उठून बाहेर गेला.

माझा मामा 2017 साली गेला. लिव्हर. राइस मिलमध्ये चांगली नोकरी होती, पण पगाराच्या दिवशी तो घरी पोचायचाच नाही. मी तेव्हा आधी हॉस्टेलला आणि मग नोकरीत. सुट्टीत यायचे, दोन दिवस गोडधोड खायचे आणि परत जायचे. मामाच्या पिण्यावर आम्ही भाचरं जोक करायचो. डिसेंबर 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर बायकांचा दारूबंदीसाठी पायी मोर्चा गेला होता. त्यात माझी मामी चालली होती, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. ‘किती दिवस चालली?’ या माझ्या प्रश्नावर तिने उत्तर दिलं, ‘पायाले फोड येयेपर्यंत. मंग फोड फुटले, तरी चालली.’

1 एप्रिल 2015 ला चंद्रपूर जिल्ह्यात बंदी लागू झाली. मामीने त्या दिवशी पुरण शिजवलं होतं. पण बाटली शेजारच्या जिल्ह्यांतून येतच राहिली, फक्त महाग झाली आणि लपून आली. मामा दोन वर्षांत गेला. 2021 मध्ये सरकारने बंदी उठवली आणि दुकानं पुन्हा उघडली. बंदी फसली असं आता सगळेच म्हणतात, म्हणून मी मामीलाही तेच विचारलं. ती म्हणाली, ‘मले तं एवढंच माहीत हाये, त्या सा वर्षांत आमच्या गल्लीत रात्री कोनाच्या रडण्याचा आवाज कमी आला.’ माझ्याकडे याच्यावर कुठलाच मुद्दा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मूलहून सावली आणि पुढे वैनगंगेचा पूल. पुलाच्या अलीकडे चंद्रपूर, पलीकडे गडचिरोली. 1982 पर्यंत हा एकच जिल्हा होता. आता नदी ओलांडली की कायदाही बदलतो, कारण गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे आणि ती आजही आहे. म्हणजे माझ्या वाइन टूरचा क्लायमॅक्स ‘ड्राय’ जिल्ह्यात होता! ग्रुपवर हे टाकलं असतं तर स्मायलींचा पाऊस पडला असता. टाकलं नाही.

तिसऱ्या दिवशी धानोरा रस्ता. या तीसेक किलोमीटरसाठी तरी तुम्ही एकदा इकडे याच. चातगावजवळ डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’चं शोधग्राम लागतं. जिल्ह्याच्या दारूमुक्तीची चळवळ ज्यांनी उभी केली, त्यांचं हे ठिकाण. पुढे धानोऱ्याच्या अलीकडे लेखा-मेंढा. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं हेच ते गाव. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणारं देशातलं अगदी सुरुवातीचं गाव. 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्यांना हक्क मिळाला आणि 2011 मध्ये आपला बांबू आपणच विकायचा परवानाही. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोन तास भांडणाऱ्या आपण या ग्रामसभेकडून खरंच काहीतरी शिकावं.

याच रस्त्यावर एका मोहाखाली साठीची एक बाई फुलं वेचत होती. मी सायकल लावली आणि विचारलं, ‘मावशी, मी वेचू का?’ तिने टोपली पुढे सरकवली. पंधरा मिनिटांत माझी कंबर धरली आणि बोटं चिकट झाली. टोपलीचा तळसुद्धा झाकला नव्हता. तिचं हे पहाटेपासून चाललं होतं.

‘कोठची तू?’

‘मूलची,’ मी म्हटलं. पुण्याची म्हणायची लाज वाटली.

‘शहरातले लोक येतेत इकडे,’ ती म्हणाली. ‘फुलं कोनी मागत नाई. बाटलीच मागतेत.’

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसती माहिती होती. मी खाली बघून फुलं वेचत राहिले. निघताना तिने ओंजळभर ताजी फुलं माझ्या हातावर ठेवली. एक तोंडात टाकलं. आधी गोड, मग किंचित तुरट. सांगते, कुठल्याही महागड्या ग्लासात ही चव मिळणार नाही.

परतताना मूलला थांबले. मामीने घरातली वाळवलेली मोहफुलं भाजली, तीळ घालून कुटली आणि लाडू वळून डबा भरून दिला. मी विचारलं, ‘मामी, तुला या फुलांचा राग नाही येत?’ तिला प्रश्नच कळला नाही. ‘झाडावर कायले राग धरू?’ म्हणाली आणि झाकण घट्ट लावलं.

सोमवारी ऑफिसात डबा उघडला. ‘बाटली कुठाय?’ हा प्रश्न आलाच. मग मी मामाचं सांगितलं, मामीच्या पायांचे फोड सांगितले. कॅन्टीनमध्ये मामाबद्दल मी पहिल्यांदाच बोलत होते, आणि जोक न करता. सगळे जरा गप्प झाले. ग्रुपमधला सगळ्यात बडबड्या मुलगा, बोनचा प्लॅन ज्याचा होता तो, लाडू हातात घेऊन बराच वेळ बसला. मग हळूच म्हणाला, ‘माझे बाबा पण.’ चार वर्षं आम्ही शेजारी बसतो. मला काहीच माहीत नव्हतं.

फ्रान्सची तिकिटं काढून झालीत. ते जूनमध्ये जातील, मज्जा करतील, आणि करावीच. मी पुढच्या मार्चमध्ये परत मूलला जाणार आहे. बडबड्याने विचारलंय, तिकडे एक एक्स्ट्रा सायकल मिळेल का म्हणून.

मामेभावाला फोन केलाय. मिळेल म्हणतोय. फक्त पहाटे निघायचं नाही!