आमच्याकडून बरोबर जातंय!

मित्रांनो, मागच्या टर्ममध्ये एका शनिवारी रात्री मेसमधल्या पोळ्या साडेआठलाच संपल्या होत्या, आठवतंय? प्रॅक्टिसहून उशिरा आलेल्या बॅचने लोणचं-भात खाल्ला, आणि त्यांच्या मागून आलेल्यांना भातही नव्हता. सगळ्यांनी मेसच्या मामांना नावं ठेवली. आज लेखी कबूल करते, चूक मामांची नव्हती, आमची होती. आमच्या मिनी प्रोजेक्टची.

(माझं मराठी कॉन्व्हेंटी आहे. आजी म्हणते, तू मराठी बोलतेस की भाषांतर करतेस? तेव्हा चुका पोटात घाला.)

तर झालं असं. प्रोजेक्ट साधा होता. "उद्या जेवणार का?" असं मोबाइलवर विचारायचं, मुलांनी हो-नाही टिचकी मारायची आणि मामांना सकाळी आकडा मिळायचा, म्हणजे कणीक किती भिजवायची ते कळतं. मोबाइलवरचं पान दुसऱ्या ग्रुपने जावास्क्रिप्टमध्ये केलं, सर्व्हर आमच्या ग्रुपने जावात. नावात साम्य असलं तरी या दोन भाषांचं एकमेकींशी काही नातं नाही, हे फर्स्ट इयरवाल्यांसाठी सांगून ठेवते.

सोमवारी सुरू केलं. सोमवार ते शुक्रवार आकडा १८० च्या आसपास, जेवणारेही तेवढेच. आम्ही खूश! शनिवारी सकाळी पडद्यावर आला ६२. मामांनी विचारलं, "पोरी, बासष्टच? नक्की ना?" मी म्हटलं, "मामा, कॉम्प्युटर चुकत नाही." हे वाक्य मी आता जन्मात पुन्हा बोलणार नाही. रविवारी पडद्यावर १८१ दिसले. मामांनी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही, स्वतःच्या अंदाजाने सत्तर जणांचं केलं आणि ते बरोब्बर पुरलं.

मधल्या वेळात आमचं भांडण जोरात चालू होतं. ते म्हणत, "आमच्याकडून बरोबर जातंय." आम्ही म्हणत होतो, "आमच्याकडे जे येतं ते आम्ही बरोबर साठवतो." पहिला संशय अर्थात नेटवर, कारण मुळशीतल्या पावसात रेंज जाते हे आपलं सगळ्यात आवडतं कारण. दुसरा संशय भाषेवर. त्यांच्यातला एक म्हणाला की जावाच भिकार आहे, आमच्यातल्या एकाने जावास्क्रिप्टची आईबहीण काढली. दोन्ही बाजूंनी आपापला कोड चार-चार वेळा वाचला. दोन्ही कोड आपापल्या जागी बरोबर दिसत होते. सोमवारी लॅबमधल्या सरांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तारेवरून काय गेलं ते बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. दहा जणांपैकी एकानेही नाही.

ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला. मुलगा १२ तारखेच्या रविवारसाठी टिचकी मारत होता आणि मेसेजमध्ये जात होतं: ११ तारीख, १८:३०, आणि शेवटी एक इवलासा झेड. झेड म्हणजे यूटीसी, जगाची सामाईक वेळ. आपण तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्या रविवारचे रात्रीचे बारा म्हणजे तिथे शनिवारचे संध्याकाळचे साडेसहा. जावास्क्रिप्टमध्ये तारखेचं ऑब्जेक्ट जेसनमध्ये घातलं की ते आपोआप यूटीसीत जातं. आणि आम्ही हुशारांनी जावात काय केलं होतं? मेसेजमधली पहिली दहा अक्षरं उचलली आणि पुढचं सगळं कापून टाकलं. म्हणजे सगळा आठवडा एक दिवस अलीकडे सरकला होता. सोमवारी मंगळवारचा आकडा, मंगळवारी बुधवारचा. आकडे जवळपास सारखे असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. रविवारी निम्मं हॉस्टेल पुण्यात किंवा घरी जातं, म्हणून शनिवारी बिंग फुटलं.

आता गंमत बघा. टेस्टिंग आम्ही केलं होतं, अगदी मन लावून केलं होतं! आमचा सर्व्हर आम्ही जावातच लिहिलेल्या छोट्या क्लायंटने तपासला. त्यांनी आपलं पान जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेल्या खोट्या सर्व्हरवर तपासलं. दोन्हीकडे सगळं हिरवं. होणारच होतं, कारण दोन्ही टोकांना एकच भाषा असली की दोन्ही टोकं एकसारखंच गृहीत धरतात. आम्ही शाळेतल्या मैत्रिणी भेटलो की अर्ध्या इंग्लिशमध्ये, अर्ध्या मराठीत बोलतो आणि एकमेकींना सगळं कळतं. तेच आजीसमोर बोललं की तिला काही कळत नाही.

यावर काही जण म्हणतात (आमच्या एका सरांचंही हेच मत आहे) की सगळं एकाच भाषेत लिहा, कटकट मिटेल. कॉलेजात मिटेलही. पण आपल्याच तालुक्यात हिंजवडी आहे. तिथे गेलेल्या कुठल्याही सीनियरला विचारा, बँकेचं जुनं काम जावात, सरकारी खात्याचं डॉटनेटमध्ये, कुणाचं पीएचपीत, फोनचं ॲप कोटलिन नाहीतर स्विफ्टमध्ये. पहिल्या दिवशी येऊन "हे सगळं आधी पायथॉनमध्ये करा" असं सांगणारा फ्रेशर मला तरी बघायचाय!

हा झगडा आमच्या जन्माआधीचा आहे. २००० साली सोप १.१ आलं, २००१ मध्ये डब्ल्यूएसडीएल १.१. सोप म्हणजे एक्सएमएलमध्ये निरोप पाठवायची रीत आणि डब्ल्यूएसडीएल म्हणजे त्या निरोपाचा लेखी करार: कुठली सर्व्हिस, काय द्यायचं, काय मिळणार. कागदावर सुंदर! प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीचं टूल त्या कराराचा आपापला अर्थ लावायचं. ॲरे कसा लिहायचा, रिकामी किंमत कशी दाखवायची, याबाबत डॉटनेटचं एक आणि जावाचं भलतंच. शेवटी २००२ साली आयबीएम, मायक्रोसॉफ्ट वगैरे एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांनी डब्ल्यूएस-आय नावाची संघटना काढली, आणि तिच्या बेसिक प्रोफाइलने "एन्कोडेड" नावाची सगळ्यात भांडकुदळ पद्धत सरळ बाद केली. भाषा कुणीच बदलली नाही, मधला कागद घट्ट केला.

आणि आपण काय केलं? सोप किचकट म्हणून टाकून दिलं, जेसन घेतलं. जेसन सुटसुटीत आहे, मलाही तेच आवडतं. पण सोपबरोबर लेखी करारही गेला. ओपनएपीआयसारखी सोय आहे, वापरतो कोण? आमच्या दोन ग्रुपमधला करार व्हॉट्सॲपवर होता: "डेट फील्डमध्ये डेट पाठव." "ओके." खाली अंगठा. मेसचं जेवण या एवढ्या करारावर उभं होतं!

उलट टपरीवर चहाचे दहा रुपये देताना आठवून बघा. तुमची बँक वेगळी, टपरीवाल्याची वेगळी, मधलं ॲप तिसऱ्याच कंपनीचं. कुणाचा सर्व्हर कुठल्या भाषेत आहे हे कुणालाच ठाऊक नसतं आणि तरी पैसे पोचतात. २०१६ साली यूपीआय सुरू झालं ते एनपीसीआयने ठरवून दिलेल्या एक्सएमएल निरोपांवर. कुठलं फील्ड, कसं लिहायचं, चुकलं तर कुठला कोड परत द्यायचा, सगळं लिहिलेलं.

आणि माहिती जुळली नाही तर काय होतं, तेही महाराष्ट्राने बघितलंय. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरले गेले, कर्जखात्यांची माहिती बँकांकडून आली, आणि दोन्हीकडचं जुळवता जुळवता पैसे खात्यात पडायला उशीर झाला. माझी रूममेट शेतकऱ्याच्या घरातली आहे. ती म्हणते, "तुमची एका रात्रीची पोळी गेली, तेवढ्यावर लेख लिहितेस होय?" बरोबर आहे तिचं.

रूममेटचा विषय निघालाच आहे तर तिच्या गावाचं सांगते. ती कऱ्हाडची. तिने फोनवरून अर्जात गाव भरलं, आमच्या यादीत कऱ्हाड होतं, आणि सर्व्हर म्हणाला, असं गाव नाही! पडद्यावर दोन्ही शब्द शेजारी-शेजारी ठेवले, काना-मात्रेचा फरक नाही. मग हेक्स डंप काढला. आपला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्तावाला ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचं एक अदृश्य अक्षर, जे जुन्या युनिकोडच्या सोयीसाठी चालू ठेवलंय. पहिल्या कऱ्हाडात सहा कोड, दुसऱ्यात सात. दिसायला एक, मशीनला दोन. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन लावलं तरी ते एक होत नाहीत, कुठला प्रकार ठेवायचा हे आपणच ठरवावं लागतं. वऱ्हाड, तऱ्हा, वाऱ्यावर, सगळीकडे हीच कथा. इंग्लिश पुस्तकातली उदाहरणं करत बसलो असतो तर हे आम्हाला कधीच सापडलं नसतं.

अजून एक, नेटवर्क्सच्या प्रॅक्टिकलचं. एका ग्रुपने जावात क्लायंट लिहिला, पायथॉनमध्ये सर्व्हर, आणि एचटीटीपीचे हेडर हाताने. इंग्रजीत लिहिलेलं मुळशी धडाधड जात होतं, सहा अक्षरं, सहा बाइट. देवनागरीत "मुळशी" पाठवलं आणि पायथॉनने एरर तोंडावर फेकला. जावाने लांबी मोजली पाच: म, उकार, ळ, श, ईकार. तीच कंटेंट-लेंग्थमध्ये लिहिली. पण तिथे बाइट लिहायचे असतात, आणि यूटीएफ-८ मध्ये यातला प्रत्येक कोड तीन बाइट खातो, म्हणजे पंधरा. सर्व्हरने सांगितल्याप्रमाणे इमानदारीत पाच बाइट वाचले. त्यात एक आख्खा म आणि दोन-तृतीयांश उकार आला. तोच शब्द पीएचपीच्या स्ट्रलेनला विचारा, पंधरा म्हणेल. स्विफ्टला विचारा, तीन म्हणेल, कारण ती आपल्यासारखी मु-ळ-शी अशी मोजते. कुणीच खोटं बोलत नाही. प्रत्येकाचं माप वेगळं आहे आणि मेसेजमध्ये कुठलं माप लिहायचं ते ठरलेलं आहे. ज्याने हे वाचलेलं नसतं तो भाषेला शिव्या घालतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, आणि स्टाफपैकी कुणी वाचत असेल तर विनंतीही समजा. आपल्याकडे सी शिकवतात, जावा शिकवतात, पायथॉन शिकवतात. दोन भाषांच्या मधली जागा कुणीच शिकवत नाही, आणि ओरलमध्ये तर विचारतच नाहीत. एक्स्टर्नल येतात, एका लॅपटॉपवर आपलाच क्लायंट, आपलाच सर्व्हर बघतात, "गुड" म्हणतात, सही करतात. त्याऐवजी दोन ग्रुपची जोडी लावा. भाषा वेगवेगळ्या असल्याच पाहिजेत. आधी एक पानाचा करार लिहून सही करून द्यायचा: तारीख कशी, लांबी कशात, रिकामं फील्ड कसं, एरर कसा. मग एकमेकांचा कोड न बघता दोघांनी आपापलं लिहायचं. ओरलला कोडआधी मेसेज दाखवायचा, कर्लने नाहीतर वायरशार्कने, जसा गेला तसा. टेस्ट डेटामध्ये एबीसी आणि टेस्ट-वन चालणार नाही, आपल्या वर्गाच्या हजेरीतली खरी नावं, देवनागरीत.

काही जण म्हणतील, आधीच सबमिशनचा ढीग, त्यात हे कुठे? ठीक आहे, एक जर्नलची असाइनमेंट कमी करा. मागच्या वर्षीची फाइल उतरवण्यात जातो तेवढाच वेळ आहे हा.

आमचा मेसचा करार आता झालाय. तारीख म्हणजे फक्त तारीख: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. वेळ नाही, झेड नाही. प्रिंट काढून दोन्ही ग्रुपच्या सह्या घेतल्या आणि मामांना दाखवली. मामांनी ती मेसच्या दरवाजाशी चिकटवली. शेजारी एक पाटीही टांगली आहे, रोज सकाळी आमच्या आकड्याखाली ते खडूने स्वतःचा अंदाज लिहितात. गेल्या महिन्यात दोन आकड्यांत सगळ्यात मोठा फरक नऊचा पडला. त्या दिवशी कोण बरोबर होतं हे मात्र विचारू नका.