ट्युनिशियन क्रोशे: काय विणावं, काय विणू नये



गेल्या पावसाळ्यात लोधिवलीत घराबाहेर पडणं कठीण झालं, तेव्हा मी ट्युनिशियन क्रोशे शिकले. नेहमीच्या क्रोशात आपण एकेक टाका पुरा करून पुढे जातो. इथे जाताना सगळे टाके सुईवर उचलायचे आणि येताना आधी एक, मग दोन-दोन असे उतरवायचे. काम उलटवायचं नाही. म्हणून सुई लांब लागते. पण लहान वस्तूला साधी सरळ सुईही चालते. मागच्या टोकाला रबरबँड गुंडाळा, टाके निसटत नाहीत. सुई नेहमीपेक्षा दोन नंबर जाड घ्या, नाहीतर कापडाची गुंडाळी होते.

मी पहिल्यांदा विणलं ते ओटा पुसायचं फडकं. दिसायला छान, जाडजूड. पण आपल्याकडचा पाऊस! दोन दिवस दोरीवर टांगूनही ते आतून ओलंच. मग कुबट वास, मग काळे ठिपके. बुरशी आपण अनंतकाय मानतो. चातुर्मासात पालेभाजी सोडायची, पाणी गाळून-उकळून प्यायचं आणि ओट्यावर जीवांना घर विणून द्यायचं? मला फार वाईट वाटलं.

म्हणून माझं स्पष्ट मत: जे रोज ओलं होतं, त्याला जुन्या सुती साडीचा पातळ तुकडाच बरा. तासाभरात वाळतो. कटासणंही यात विणू नका. टाक्यांच्या खाचांत बारीक जीव दडला तर पडिलेहण करताना दिसणार कसा?

मग विणायचं काय? गरम भांड्याखाली ठेवायचे चौकोन आणि कुकर उतरवायची जोडी. हे कापड घट्ट असतं, क्रोशाच्या खांबांसारखी भोकं नसतात, त्यामुळे हाताला चटका बसत नाही. दोरा सुतीच हवा. ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं. मध्यम जाडीचा दोरा, साडेपाच मिमीची सुई, पंचवीस साखळ्या: साधारण सहा इंच रुंदी मिळते. चौकोन झाला की थांबा.

मी बी.कॉम. आहे, हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. हे विणकाम दोरा जास्त खातं. बाजारातली जोडी स्वस्त पडते, बचत वगैरे काही नाही. मिळतो तो हातांना व्यायाम आणि मनाला निवांतपणा. पण दोऱ्याचे गुंडे साठवत गेलो तर तोही परिग्रहच. माझा नियम: एक गुंडा संपल्याशिवाय दुसरा घरात नाही.

एक मैत्रीण म्हणाली, "सामायिकात बसल्या बसल्या विणलं तर?" नको गं. ती अठ्ठेचाळीस मिनिटं सगळे आरंभ सोडण्यासाठी आहेत. सुई खोलीबाहेरच राहू दे.

कुणाला माझं बोलणं टोचलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.