व्हिडिओ संपादनाचा लॅपटॉप: नवा की कामाचा?

दरवर्षी जून उजाडला की आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुले-मुली आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारतात: व्हिडिओ संपादन शिकायचे आहे, लॅपटॉप कोणता घ्यावा? आमच्या वेळी असे प्रश्न टायपिंग, आयटीआय आणि डी.एड.पुरते असत. आज लग्नसमारंभांचे चित्रण, वृत्तवाहिन्या आणि यूट्यूब यांमुळे संपादन हा पोट भरणारा व्यवसाय झाला आहे, आणि आपली मुले त्यात उतरत आहेत याचा आम्हांस आनंदच आहे. तरीही उत्तर देताना आम्ही अडखळतो. कारण त्या प्रश्नामागे बहुधा आईच्या बचत गटाचे कर्ज उभे असते.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच एका विद्यार्थ्यासाठी आम्ही वापरलेला, पण दणकट लॅपटॉप सुचविला होता. त्याचे वडील म्हणाले, "आम्ही जन्मभर दुसऱ्याचं उतरलेलं घातलं. पोराला तरी नवं घेऊ द्या." या वाक्यावर आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि खरे सांगायचे तर आजही नाही. त्यांनी 52,000 रुपयांचा नवा, सडपातळ लॅपटॉप हप्त्यांवर घेतला. त्यात रॅम 8 जीबी होती आणि तीही मुख्य पाटीवर डाख देऊन कायमची बसविलेली. वाढविण्यासाठी रिकामी खाच नव्हती. मुलाने पहिल्या लग्नाचे 4के चित्रण त्यात टाकले, तेव्हा नवरदेव एका पावलावर थबकला तो पुढे सरकेना.

दुकानदार खोटे बोलला होता असे नाही. तो जे दाखवितो ते वजन, चकाकी आणि प्रोसेसरवरील चिकटपट्टी. संपादनाला जे लागते ते आत असते. 16 जीबी रॅम ही आमच्या मते किमान गरज आहे. आज 8 जीबीच परवडत असेल, तर उद्या वाढविता येईल याची खात्री दुकानातच करावी. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये रॅमच्या किती खाचा आहेत हे दिसते. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एच हे अक्षर असेल, तर तो जास्त वीज घेणारा आणि तासन्‌तास राबणारा. यू असेल तर बॅटरी वाचविणारा. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत तर नावावरही विसंबू नये. आरटीएक्स 3050 हे एकच नाव धारण करणारी कार्डे एका लॅपटॉपमध्ये 35 वॅटवर चालतात, तर दुसऱ्यात 80 वॅटवर. दोघांच्या कामात मोठा फरक पडतो. पडद्याचेही तसेच. माहितीपत्रकात 45 टक्के एनटीएससी असे लिहिलेले असेल, तर हळदीचा पिवळा रंग मुलाला कधीच खरा दिसणार नाही.

वापरलेल्या यंत्रांविषयी आमचे मत ठाम आहे. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपले लॅपटॉप एकगठ्ठा बदलतात. त्यांतील थिंकपॅडची पी मालिका, डेल प्रिसिजन, एचपी झेडबुक ही यंत्रे मुळात जड कामासाठीच घडविलेली असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशा यंत्रांचा बाजार आहे. मात्र 14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 चा आधार संपला आहे आणि विंडोज 11 साठी इंटेलचा सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. पक्के बिल, दुकानाची लेखी हमी आणि बॅटरी रिपोर्ट मागावा. हा रिपोर्ट विंडोज स्वतःच काढून देते. 2020 च्या मॅकबुक एअर एम1 विषयीही मुले विचारतात. फोनवरचे चित्रण तो सहज पेलतो, पण त्याची रॅम पुढे कधीही वाढत नाही हे आधीच ध्यानात ठेवावे.

आणि यंत्र दुबळे असले तरी शिकणे थांबत नाही. फोन 50 मेगाबिट वेगाने चित्रण करीत असेल, तर तासाभरात 22.5 जीबी जागा भरते. एवढा भार रोज कशासाठी वाहायचा? सरावाचे चित्रण 1080पी मध्ये करावे. 4केच हवे असेल तर प्रॉक्सी, म्हणजे मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती तयार करून त्यांवर काम करावे. अंतिम फीत काढताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ प्रत घेते. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे पुरेल एवढी समर्थ आहे, मात्र ती ग्राफिक्स कार्डावर बराच भार टाकते. साध्या लॅपटॉपवर केडेनलाईव्ह किंवा शॉटकट बरे. चोरीची सॉफ्टवेअर मात्र आपल्या मुलांनी वापरू नयेत. त्यांच्यासोबत व्हायरस येतो, आणि आपल्या शाळेने शिकविलेल्या पंचशीलात दुसरे शील कोणते आहे हे त्यांना आम्ही सांगायला नको.

पालकांशी थोडे पैशांविषयी. बिनव्याजी म्हटल्या जाणाऱ्या हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या रकमेवरील जीएसटी बहुधा द्यावाच लागतो, आणि एक हप्ता चुकला की दंड सुरू होतो. स्वाधार योजनेची रक्कम भोजन, निवास आणि निर्वाहासाठी आहे. ती दरमहा येत नाही, हप्ता मात्र दरमहा जातो. त्या भरवशावर लॅपटॉप घेतलेली मुले महिनाअखेरीस एक वेळ जेवतात, हे आम्ही पाहिले आहे.

म्हणून पहिल्या वर्षी कोणी लॅपटॉप घेऊच नये, असे आम्हांस वाटते. त्याऐवजी आम्हा माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेच्या संगणक कक्षात संपादनासाठी एक टेबलावरचा संगणक बसवावा: 32 जीबी रॅम, बरे ग्राफिक्स कार्ड, रंग खरे दाखविणारा पडदा. तेवढ्याच पैशांत तो लॅपटॉपपेक्षा अधिक काम देतो आणि त्याचा एकेक भाग बदलता येतो. दहावी-बारावीनंतरच्या सुटीत मुलांनी वसतिगृहात राहून त्यावर हात बसवावा आणि हे काम आपल्याला खरोखर आवडते का, हे कर्ज काढण्यापूर्वी पाहावे. नवे यंत्र घेण्याची त्या वडिलांची इच्छा आम्हांस मोडायची नाही. मुलाने पहिल्या कमाईतून ते घ्यावे, एवढेच आमचे म्हणणे.

तो मुलगा आता प्रॉक्सीवर काम करतो. गेल्या हंगामात त्याने चार लग्ने संपादित केली. लॅपटॉपचे सात हप्ते अजून बाकी आहेत.