समुद्रतळाची परीक्षा

साधी विहीर खणावयाची तरी आपण आधीं जमीन पाहतों. मग खोल समुद्राच्या तळास छिद्र पाडणाऱ्यानें तो तळ पाहूं नये काय?

नॉर्वेच्या पश्चिमेस ऑर्मेन लांगे हें नैसर्गिक वायूचें क्षेत्र १९९७ सालीं सांपडलें. पाणी ८०० ते १,१०० मीटर खोल. सुमारें ८,००० वर्षांपूर्वीं तेथेंच समुद्रतळाचा उतार कोसळून अदमासें ३,००० घन किलोमीटर गाळ वाहून गेला होता. या स्टोरेग्गा घसरणीनें उठलेल्या लाटेची वाळू स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आजही मातीखालीं आढळते. घसरणीची वरची कड अद्याप उंच उभी आहे. ती पुन्हां ढासळली तर? वायु विकणारे एक आणि बुडणारे कोळी भलतेच! म्हणून अशी परीक्षा हा कंपनीच्या मर्जीचा खर्च नव्हे, तें किनाऱ्यावरील लोकांचें ऋण होय, असें आमचें मत आहे.

येथें तें फेडलें गेलें. ध्वनिलहरींनीं तळाखालचे थर पाहिले, मातीचे नमुने काढले, गाळांतील पाण्याचा दाब मोजला. हिमनद्यांनीं त्वरेनें आणून टाकलेल्या गाळाच्या भारानें खालच्या चिकणमातींत पाणी कोंडलें, व भूकंपाच्या हिसक्यानें उतार सुटला असावा, असा निर्णय झाला. तसा ढीग पुन्हां रचावयास नवें हिमयुगच यावें लागेल! मग २००७ सालीं वायु निघूं लागला.

आपल्या नाशिककडून निघालेल्या गोदावरीच्या मुखाबाहेरही खोल पाण्यांत वायूच्या विहिरी आहेत. तेथील परीक्षेचे अहवाल आंध्रच्या कोळ्यांस सोप्या तेलुगूंत वाचावयास मिळावे.