जामीन मिळाला, तरी मुक्काम लामपूरला : परदेशी नागरिकांच्या सुटकेचा कायदेशीर पेच

नवी दिल्ली : दिल्लीतील न्यायालयाने परदेशी नागरिकाला जामीन मंजूर केला, जामीनदारांची पडताळणी झाली आणि सुटकेचा आदेश तिहार कारागृहात पोहोचला, की आपला माणूस आता घरी येईल असे कुटुंबीयांना वाटते. प्रत्यक्षात कित्येकदा त्याची रवानगी राजधानीच्या उत्तर टोकाला, नरेल्याजवळील लामपूरच्या स्थानबद्धता केंद्रात होते. पैशांची जुळवाजुळव करून जामीनदार उभे करणाऱ्यांना ही फसवणूक वाटते. कायद्याच्या लेखी मात्र या दोन वेगळ्या कोठड्या आहेत आणि एकीतला जामीन दुसरीत लागू होत नाही.

पहिली कोठडी फौजदारी खटल्याची. तेथील नियम सर्वांना सारखेच आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८५ नुसार आरोपी व जामीनदार बंधपत्र लिहून देतात. स्थानिक जामीनदार मिळत नसेल, तर कलम ४९० नुसार न्यायालय त्याऐवजी रोख रक्कम जमा करण्याची मुभा देऊ शकते. आरोपी हजर राहिला नाही, तर ही रक्कम जप्त होऊ शकते. परक्या शहरात जामीनदार मिळवणे हीच परदेशी आरोपीची मोठी अडचण असते. त्यात न्यायालयांनी घातलेल्या अटींची भर पडते. एका नायजेरियन आरोपीला दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन देताना गूगल मॅपवर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसत राहील अशी व्यवस्था करण्यास आणि दूतावासाचे हमीपत्र आणण्यास सांगितले होते. जुलै २०२४ मध्ये न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने या दोन्ही अटी रद्द केल्या. हमीपत्र देणे न देणे दूतावासाच्या हाती असते, आरोपीच्या नव्हे, हा त्यामागचा साधा विचार.

त्याच प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या दुसऱ्या निकालाची चर्चा कमी झाली. कुटुंबीयांच्या दृष्टीने महत्त्वाचा तोच आहे. परदेशी व्यक्तीला जामीन दिल्यास त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवावी, असे न्यायालयाने सांगितले. शिवाय परकीय नागरिक कायद्याखाली स्थानबद्ध करण्याचा सरकारचा अधिकार फौजदारी न्यायालयाच्या जामिनाहून स्वतंत्र आहे, हेही स्पष्ट केले. मात्र त्यासाठी सरकारने कायद्यानुसार रीतसर आदेश काढलेला असला पाहिजे. दिल्लीत ही दुसरी कोठडी विदेशी नागरिक प्रादेशिक नोंदणी कार्यालयाच्या, म्हणजेच एफआरआरओच्या अखत्यारीत येते.

या दुसऱ्या कोठडीसाठी बंधपत्राची सोयच नव्हती, असे मात्र नाही. १९४६ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये अटकेच्या तरतुदीच्या अगदी आधी, निर्बंधांना पर्याय म्हणून जामीनदारासह किंवा जामीनदाराविना बंधपत्र घेण्याचा अधिकार सरकारला दिलेला होता. उणीव होती ती कार्यपद्धतीची. रक्कम किती, अर्ज कोणाकडे, निर्णय किती दिवसांत, यांपैकी काहीच कायद्याने ठरवले नव्हते. त्यामुळे कुटुंबाला उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका करावी लागते. राज्यघटनेचे २१ वे कलम नागरिक नसलेल्यांनाही संरक्षण देते. पण परकीयांना देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार फार व्यापक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच हान्स म्युलर प्रकरणात दिला आहे.

कार्यपद्धती ठरवता येते, हे आसामने दाखवले. तेथे परकीय ठरवलेल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ डांबलेल्या व्यक्तींना प्रत्येकी एक लाख रुपयांच्या दोन भारतीय जामीनदारांवर सोडण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये दिली. पडताळता येईल असा पत्ता, बोटांचे व डोळ्यांचे ठसे आणि दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी या अटी होत्या. करोनाकाळात, एप्रिल २०२० मध्ये मुदत दोन वर्षांवर आणि रक्कम पाच हजारांवर आली. ती सवलत आसामातील प्रकरणांपुरतीच होती.

‘इमिग्रेशन बाँड’ हा शब्द आपल्याकडे पोहोचला तो अमेरिकेतून. तेथे किमान १,५०० डॉलरची रक्कम पूर्ण भरावी लागते आणि अटी पाळल्यास भरणाऱ्याला ती परत मिळते. पण तो मार्गही आता अरुंद झाला आहे. तपासणीविना सीमा ओलांडून आलेल्यांना बाँड देण्याचा अधिकार इमिग्रेशन न्यायाधीशांना नाही, असे तेथील अपील मंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ठरवले. त्याला संघीय न्यायालयांत आव्हान देण्यात आले. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी लष्करी विमानाने अमृतसरला परत पाठवलेल्या १०४ भारतीयांत महाराष्ट्राचे तिघे होते. त्यामुळे हा विषय मराठी घरांनाही दूरचा नाही.

भारतात १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन व परकीय नागरिक कायदा लागू झाला आणि १९४६ चा कायदा रद्द झाला. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार मात्र अजूनही त्या व्यक्तीवरच आहे. रवानगी होईपर्यंत ठेवण्यासाठी स्वतंत्र केंद्रे उभारण्याची तरतूदही नव्या आदेशात आहे. या भाराचा अर्थ काय, हे जुलै २०२५ मध्ये गुरुग्रामने पाहिले. बांगलादेशी असल्याच्या संशयावरून बंगालीभाषक मजुरांना सामुदायिक केंद्रांत ठेवण्यात आले. अनेक जण भारतीय निघाले आणि कागदपत्रांची पडताळणी झाल्यावर सुटले. तेथे बंधपत्राचा प्रश्नच आला नाही. सुटका गावाकडून येणाऱ्या उत्तरावर अवलंबून होती.

म्हणून कुटुंबीयांनी जामिनाची रक्कम जमवण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी : आपला माणूस कोणत्या कायद्याखाली, कोणाच्या लेखी आदेशाने आत आहे? त्या आदेशाची प्रत मिळाल्याशिवाय वकिलालाही पुढचे पाऊल टाकता येत नाही. दूतावासाशी संपर्क साधण्याचा अधिकार १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिला आहे. कोठडीतील व्यक्तीला, मग ती कोणत्याही देशाची असो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार मोफत वकील मागता येतो.