वर्तुळावर दोन खुणा हव्यात

जीवशास्त्राच्या वहीत तुम्ही जीवाणूची आकृती काढली असेल. लांबट पेशी, भोवती भित्तिका आणि आत एक वेटोळे कडे. त्यावर ‘डीएनए’ असे लिहिले की गुण मिळतात. माझ्या मते ही आकृती अपुरी आहे. त्या कड्यावर दोन खुणा हव्यात : एक आरंभाची, एक समाप्तीची.

पेशी दुभंगण्यापूर्वी डीएनएची नक्कल व्हावी लागते. ती कोठूनही सुरू होत नाही. ठरलेल्या आरंभबिंदूपासून दोन यंत्रणा विरुद्ध दिशांना निघतात आणि कड्याच्या पलीकडच्या बाजूला भेटतात. आपल्या आतड्यातील ई. कोलाय या जीवाणूच्या कड्यात सुमारे ४६ लाख जोड्या असतात. प्रत्येक यंत्रणा सेकंदाला सुमारे १००० जोड्या उरकते. गणित करून पाहा. जवळजवळ ४० मिनिटे लागतात. पण भरपूर अन्न मिळाले, की हा जीवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो! हे कसे?

गोल बसलेली एक पंगत डोळ्यांपुढे आणा. एकाच जागेवरून दोन वाढपी जिलबी घेऊन दोन बाजूंना निघाले. ते शेवटच्या पानाशी पोचण्याआधीच मागून दुसरी जोडी निघाली. शेवटच्या पानावर पहिली जिलबी पडते, तेव्हा आरंभीच्या पानांवर दोन-दोन झालेल्या असतात. जीवाणू हेच करतो. पहिली नक्कल संपण्याआधी दुसरी सुरू होते. त्यामुळे आरंभाजवळच्या जनुकांच्या प्रती अधिक. प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमसाठी लागणाऱ्या आरएनएच्या जनुकांचे सात संच ई. कोलायमध्ये आहेत, त्यांपैकी पाच आरंभबिंदूच्या आसपासच आहेत. शिवाय सातही संच नक्कल ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने वाचले जातात. जंगलातल्या अरुंद रस्त्यावर बांबूचे ट्रक एकाच दिशेने गेले तर निभते. समोरासमोर आले, की वाहतूक ठप्प. म्हणजे जनुक कोणते, याइतकेच ते कोठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हेही महत्त्वाचे.

सर्वच जीवाणूंना अशी घाई नसते. क्षयाचा जीवाणू दुप्पट व्हायला सुमारे एक दिवस घेतो. त्याच्याजवळ असा एकच संच आहे, तोही आरंभापासून दूर. त्याचा भाऊबंद असलेला कुष्ठरोगाचा जीवाणू तर १२ ते १४ दिवस घेतो. त्याच्याजवळही एकच संच. २००१ साली त्याचा डीएनए संपूर्ण वाचला गेला, तेव्हा सुमारे १६०० कामाची जनुके आणि ११०० हून अधिक मोडकी, निकामी जनुके आढळली. प्रयोगशाळेतील पोषकद्रव्यावर तो अजूनही वाढत नाही.

या रोगाने पीडित झालेल्यांसाठी बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. आज गडचिरोली हा वेगळा जिल्हा आहे. १९८२ पर्यंत तो चंद्रपूरचाच भाग होता. या दोन्ही जिल्ह्यांत आजही कुष्ठरोगाचे नवे रुग्ण सापडतात.

कोणी शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम आधीच जड आहे. त्यात या दोन खुणा कशाला? त्यांना माझे उत्तर असे. एक बांगडी आणि दोन रंगीत दोरे घेतले, तर हा पाठ दहा मिनिटांत होतो. आणि त्यातून विद्यार्थ्याला कळते, की जीवाणूला वेग असतो आणि तो वेग त्याच्या रचनेत उमटलेला असतो. संसर्ग आणि पहिला चट्टा यांत वर्षे लोटतात, म्हणून लोकांना कारण दिसत नाही; मग ते पूर्वजन्मीच्या पापावर बोट ठेवतात. संथ जीवाणूची ओळख झालेला मुलगा तसे म्हणणार नाही.

हा संथपणा आपल्याही उपयोगाचा आहे. मज्जातंतू दुखावण्याआधी रोग ओळखण्यास आपल्याला वेळ मिळतो. म्हणून घरी वा शेजारी कोणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर तो लपवू देऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. औषधे मोफत मिळतात, आणि सहा महिन्यांत किंवा वर्षभरात रोग बरा होतो.